पुढारी आणि झाडू



मंडळ बळकट व्हायचे तर पुढारी कसा असावा? उत्तरासाठी आपल्याला मुळशीबाहेर जायला नको. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. त्याचे नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना लोक 'सेनापती' म्हणू लागले. हेच बापट त्याआधी पारनेरला हातात झाडू घेऊन रस्ते साफ करीत. मुळशीसाठी त्यांनी तुरुंगवासही भोगला.

तरीही धरण झाले, गावे बुडाली. मग ते नेतृत्व फुकट गेले का? आम्हाला तसे वाटत नाही. यश पुढाऱ्याच्या हाती नसते. झळ आधी स्वतः सोसणे हाती असते. हुकूम भीतीने पाळला जातो, साथ मात्र विश्वासाने मिळते. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले ते हेच शिकवण्यासाठी.

पण झाडू एकट्यानेच धरून ठेवला, तर बाकीचे नुसते बघत राहतात. म्हणून तो दुसऱ्याच्या हाती विश्वासाने देणे, हेही पुढाऱ्याने शिकायला हवे.

पुढच्या सभेनंतर खुर्च्या आवरताना आपण एक उचलू या आणि दुसरी उचलायला शेजाऱ्याला प्रेमाने हाक मारू या.