विचारायचे राहून गेले
मनाचे ओढाळपण बहिणाबाई चौधरींनी जळगावच्या शेतशिवारात ओळखले. आज मन सावरण्याचे पाठ मोबाइलवर मिळतात. २०२२ साली सुरू झालेल्या शासकीय टेलिमानस सेवेचे (१४४१६) ॲपही २०२४ मध्ये आले. परंतु एकट्याने गिरवायचे असे पाठ पुष्कळजण अर्ध्यावरच सोडतात.

धुळ्याच्या एका तरुणाला आम्ही तो मार्ग दाखवला; पुढे विचारपूस केली नाही. तिसऱ्या पाठानंतर त्याने तो सोडला. उणीव त्याच्या चिकाटीत की आमच्या आस्थेत? अधूनमधून कुणी विचारणारे असले, की माणसे अधिक टिकतात, असे अभ्यासक सांगतात.

अम्माऊसच्या वाटेवर प्रभू आधी सोबत चालला, मग त्याने विचारले, उपदेश नंतर केला. आम्ही उपदेशापाशीच थांबलो. वाचकहो, आपल्या घरात कुणाला विचारायचे राहिले आहे?