चावी हातात, तरी दार बंद

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर आम्ही आमच्याच घरची एक गोष्ट सांगितली. ऐकून बऱ्याच जणांनी म्हटलं, हे ग्रुपवर लिहा, आमच्याही घरी असंच चाललंय. म्हणून लिहितो आहोत.

कापसाचे पैसे आले, त्यात थोडं कर्ज घालून आम्ही गाडी घेतली. खिशात चावी असली की दार उघडतं आणि बटण दाबलं की गाडी सुरू होते, अशी. काही महिने मजेत गेले. मग गाडी चावीच ओळखेना. समोरच्या पडद्यावर यायचं, चावी सापडत नाही. आणि चावी तर हातात!

बोथहून इच्चोडा, तिथून हायवे धरून शहरातलं सर्व्हिस सेंटर. पहिल्यांदा त्यांनी चावीतला सेल बदलला. दुसऱ्यांदाही सेलच बदलला. तिसऱ्यांदा “चावी गाडीला परत जोडून दिली” म्हणाले आणि बिल घेतलं. तिथं गाडी चालायची, घरी आलो की दोन दिवसांत पुन्हा तेच. दर खेपेला शेतातला एक दिवस मोडला.

श्रावणात एका रात्री आईला धाप लागली. बाहेर पाऊस. गाडी दारात उभी, पण सुरूच होईना. शेवटी शेजारच्यांनी त्यांची जीप काढली, म्हणून वेळेवर दवाखान्यात पोचलो. गुरुकृपेने आई आता बरी आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौथ्यांदा सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवर वीस-बावीस वर्षांचं पोर बसलेलं. रात्रीची सगळी भीती आम्ही त्याच्यावर ओतली. नको ते बोललो. ते पोर “सार, सार” म्हणत राहिलं, त्याचे हात थरथरत होते. काम मात्र काहीच झालं नाही.

संध्याकाळी घरी आमचा नऊ वर्षांचा मुलगा कंपासपेटी उघडत नाही म्हणून धाकट्या बहिणीवर ओरडला. शब्द अगदी आमचेच, काउंटरवरचे. तो सकाळी आमच्यासोबत होता ना! आई अंथरुणावरून एवढंच म्हणाली, “गाडी बिघडली ती बिघडली. आता घर नका बिघडवू.”

त्या रात्री आमच्यापैकी कुणालाच नीट झोप लागली नाही.

ज्ञानोबा माउलींची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. लोकांनी अपमान केला, मन दुखावलं आणि माउली झोपडीची ताटी लावून आत बसले. धाकटी मुक्ताई बाहेरून विनवत राहिली, ताटी उघडा म्हणाली. ते ताटीचे अभंग आजही घरोघरी म्हटले जातात. बघा, मुक्ताईने ताटी मोडली नाही. विनवणी बाहेरून झाली, ताटी उघडली ती आतून. आमच्या घरात त्या दिवशी मुक्ताईचं काम आईने केलं.

मग राग सोडायचा म्हणजे गप्प बसायचं का? महाराज नेहमी सांगतात, अन्याय मुकाट सोसणं ही भक्ती नव्हे. हक्काचं मागावं, पण मागताना समोरच्याचं माणूसपण पायदळी तुडवू नये. आमचं उलटंच झालं होतं. आवाज चढवला होता, पण कागदावर एक ओळसुद्धा लिहिली नव्हती.

म्हणून पाचव्या खेपेला आधी त्या पोराची माफी मागितली. मग कागद पुढे ठेवला. त्यात चारही खेपांच्या तारखा, जॉब कार्डांचे नंबर, दर वेळी काय केलं ते, आणि श्रावणातली ती रात्र, सगळं लिहिलं होतं. मॅनेजरकडून पोच घेतली. एकच विनंती केली, दुसरी चावी लावूनही तपासा. तपासलं, तर दुसरीही चालेना. दोन्ही चाव्या बिघडणं अवघड. दोष चावीत नव्हताच, चावीची खूण ऐकणारा गाडीतला अँटेना खराब होता. चार वेळा ते हातातलीच वस्तू बदलत राहिले आणि आम्ही चार वेळा आवाजच वाढवत राहिलो. आत बघितलं ते दोघांनीही नाही.

तो भाग अजून आलेला नाही. आम्ही वाट बघतोय, आधीचं बिलही परत मागितलंय. पण आता घरात त्यावरून भांडण नाही.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. चावीच्या पोटात बहुधा साधी लोखंडी चावी असते, तिने दार उघडता येतं. सेल संपला तरी बऱ्याच गाड्या चावी बटणाला टेकवून धरली की सुरू होतात, कारण आतल्या चिपला गाडीकडूनच शक्ती मिळते. आपल्या गाडीत ती जागा कुठे आहे, ते पुस्तिकेत आजच बघून ठेवा. आम्ही ते आधी बघितलं नव्हतं.

दुरुस्ती होतच नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मराठीत आणि तेलुगूतही बोलता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाकडेही जाता येतं, ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क नाही.

या आठवड्याचा संकल्प असा: राग येईल तिथं आधी नामस्मरण, मग कागद-पेन, मग बोलणं. आणि रागात कुणाला दुखावलं असेल तर गुरुवारच्या आत त्याची माफी मागायची. काउंटरवरच्या पोराची, बायकोची, लेकराची, कुणाचीही.

राग सोडा, तक्रार सोडू नका.

आपल्या घरच्या ग्रुपवर हे जरूर पाठवा. गुरुवारी आरतीला भेटूच.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏