योगाचा अधिकारी कोण?

हुपरीच्या चांदी-कारागिराचा दिवस मान खालीं घालून जातो. पैंजणाच्या कड्या जोडतां जोडतां पाठ अशी आखडते कीं, पायाच्या अंगठ्यास हात पोंचत नाहीं. अशा मनुष्यास योगाचा अधिकार आहे काय? 'हठयोगप्रदीपिका' ही विद्या गुप्त ठेवावयास सांगते; आणि तोच ग्रंथ वृद्ध, रोगी व दुर्बळ यांनाही अभ्यासानें सिद्धीची ग्वाही देतो!

बी. के. एस. अय्यंगार बालपणीं हिंवताप, विषमज्वर व क्षय यांनीं खंगलेले. १९३७ सालीं ते पुण्यास शिकवावयास आले. पुढें त्यांनीं हा तिढा एका साध्या पट्ट्यानें सोडविला: हात पोंचत नसेल तर पट्टा तळव्याला अडकवावा, जमीन दूर असेल तर हाताखालीं लांकडी ठोकळा घ्यावा. यानें विद्या स्वस्त झाली, असा आक्षेप घेतां येईल. मला तो पटत नाहीं. आसन तेंच राहतें; तेथवर जाण्याची वाट तेवढी निघते.

माझी शंका निराळी आहे. 'सर्वांस प्रवेश' अशी पाटी लावणें सोपें. पण पन्नास जणांना एकच आज्ञा सोडणारा शिक्षक त्यांपैकीं नेमका कोणास आंत घेतो? आमच्या कारागिराची पाठ पाहिल्यावांचून त्याला पट्टा किती लांब द्यावा, हें त्यास कसें कळावें?