बेबद्याचा स्त्रीपार्ट

कारापूरला घरी भाच्यासोबत ‘ड्रंकन मास्टर’ बघत होतो. 1978 सालचा हाँगकाँगचा सिनेमा, नायक चोवीस वर्षांचा जॅकी चॅन. वर चढवलेलं इंग्रजी इतकं बेताचं की ओठ मिटले तरी वाक्य चालूच. पाच मिनिटांत भाच्याने निकाल दिला : “मामा, लागनाच मरे ताका!” खरंच होतं. ठोसा नाकापासून वीतभर लांब, आणि आवाज मात्र नदीवर धोंड्यावर धुणं आपटल्यासारखा.

मला तो आवाज घरचा वाटला. पेडणे-डिचोलीत जत्रेच्या रात्री दशावतारी कालो बघत वाढलेल्याला लाकडी तलवारींचं युद्ध नवं नाही. तलवार अंगाला लागतच नाही. वार पडतो तो पखवाजावर. पखवाजवाल्याची थाप चुकली तर राक्षस मरतच नाही! त्या काळच्या हाँगकाँग सिनेमात संवाद आणि आवाज चित्रीकरणानंतर भरत. चिनी संगीतनाटकात झांजा-ढोल जे काम करत, ते इथे स्टुडिओतल्या फटक्यांच्या आवाजांनी उचललं. चॅन आणि त्याच्यासारखेच मारधाडीचे नट सॅमो हंग, युएन बियाओ हे तिघेही यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेरा शाळेत घडलेले. बेबदो, म्हणजे दारुडा, गुरू रंगवणारे युएन स्यू-तिएन हे दिग्दर्शक युएन वू-पिंग यांचे वडील, आणि तेही ऑपेरातलेच. कुंग-फूचा सिनेमा म्हणून आपण जो बघतो, त्यात कुस्तीच्या आखाड्यापेक्षा नाटकाची तालीम जास्त आहे.

नायक वाँग फेइ-हुंग हा खरा माणूस, 1925 साली वारलेला वैद्य आणि मल्ल. या सिनेमाआधी क्वान तक-हिंग या नटाने त्याला कितीतरी सिनेमांत गंभीर, नीतिमान गुरुजी करून ठेवलं होतं. इथे तोच टवाळ पोरगा झाला. आपल्या दशावतारात ही मोकळीक संकासुराला असते. वेद पळवणारा असुर, पण काळ्या वेशात लांब लाल जीभ लोंबवत रंगमंचावर आला की पोरं आधी घाबरतात आणि मग खिदळतात. फरक एवढाच की आपण ही मस्करी खलनायकाला देऊन देवांना सांभाळून घेतो.

या सिनेमांना ‘स्वस्तातले’ म्हणताना आपण कुठला खर्च मोजतो? सेट साधे, कथा जुनीच. पण चॅन सातेक वर्षांचा असताना त्या शाळेत गेला तो दहा वर्षांच्या कराराने, आणि तिथे मार हा शिक्षणाचाच भाग होता. सिनेमात गुरू त्याला उलटं टांगतो आणि खालच्या भांड्यातलं पाणी छोट्या कपांनी वर भरायला लावतो. आपण हसतो. ते दृश्य करणाऱ्यांना त्यात किती विनोद दिसला असेल, हा प्रश्न मला हसता हसता टोचतो. अशा शाळेचं कौतुक करताना माझी जीभ अडते. दशावतारी नट अशा शाळेत जात नाही. तो कंपनीत पडेल ते काम करत, रात्र रात्र बघत शिकतो. आख्यानाची रूपरेषा ठरते, संवाद मात्र तिथल्या तिथे सुचतात. म्हणजे आमच्याकडे शब्द उत्स्फूर्त आणि युद्ध ठरावीक. तिकडे शब्द नंतर चिकटवलेले आणि सगळी बुद्धी अंगात.

शेवटची लढाई मात्र भाच्याने मोबाईल बाजूला ठेवून बघितली. गुरूने चिनी दंतकथांतल्या आठ सिद्धांच्या आठ झिंगलेल्या चाली शिकवलेल्या असतात. त्यातली आठवी बाईची, म्हणून वाँगने ती बायकी समजून सोडून दिलेली. समोर ह्वांग जांग-ली, लाथांचा बादशहा. सात चाली संपतात आणि हा हरायला येतो. मग त्याला आठवी चाल तिथल्या तिथे रचावी लागते. तो कंबर लचकवतो, नजर तिरपी करतो, नटवेपणाने हात फिरवतो, आणि त्या लचक्यांतूनच ठोसे काढतो. मल्लविद्येचे चाहते याला गमतीची चाल म्हणतील. रात्रभर पुरुषाने रंगवलेली द्रौपदी बघितलेल्या माणसाला वेगळं दिसतं : पोरगा स्त्रीपार्ट करतोय. ऑपेरातही बाईची भूमिका पुरुष करत आणि ती अवघड मानत. मेइ लानफांग हा नट त्याच भूमिकांनी जगप्रसिद्ध झाला. वाँगने ज्या चालीला हलकं मानलं, ती चॅनला घडवणाऱ्या रंगभूमीवर मानाची होती.

दशावतारातही स्त्रीपार्टी नटाला कंपनी जपते. पण दिवसा, बाजारात त्याच्या चालण्याची नक्कल करणारेही गावातलेच असतात, आणि रात्री पुढच्या चटईवर बसून डोळे पुसणारेही तेच.

भाच्याने सिनेमा मागे नेला. ती कंबरेची हालचाल पुन्हा बघितली, मग तिसऱ्यांदा. मग उठून, दार लोटून घेऊन, आरशासमोर उभा राहिला.