नखांतला दाह

भक्तहो, श्रीगुरुचरित्राच्या 19 व्या अध्यायात औदुंबराचा महिमा आला आहे. हिरण्यकशिपूला विदारल्यावर नृसिंहांच्या नखांत विष भिनलं, आग काही थांबेना. लक्ष्मीमातेनं उंबराची फळं आणली, त्यांत नखं रोवली, तेव्हा दाह शमला. आमची आजीही उन्हाळ्यात अंगातली उष्णता उतरावी म्हणून उंबराचं पाणी देई.

पण मी म्हणतो, बघा, देवाचं काम धर्माचंच होतं, तरी दाह उरलाच ना? आपणही घरात खरं तेच बोलतो, मुलासुनेला गप्प करतो. मग रात्रभर जळतं कोण? आपणच! देवानंही औषध घरच्याच माणसाच्या हातून घेतलं. तेव्हा आज प्रदक्षिणा झाली की घरी जाऊन पहिला गोड शब्द आपणच बोलावा.

श्रीगुरुदेव दत्त!