मस्टरवरची नऊ नावे



सम्यक आजीव म्हणजे काय, असे कोणी विचारले की आपण पाच व्यापार सांगतो : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. हे पाच टाळले की उरलेला कोणताही धंदा निर्दोष, अशी आपली समजूत होऊन बसलेली आहे. मग मी आपणास विचारतो, स्टीलची ताटे-वाट्या करण्याचा धंदा या कसोटीवर कसा उतरतो? ताटाने कोणाचा जीव जात नाही. ते गरिबाच्या घरातही लागते आणि श्रीमंताच्याही. तरीसुद्धा ज्या गाळ्यात ते ताट तयार झाले तेथे बारा-चौदा माणसे राबत असताना मस्टरवर नऊच नावे का असतात, या प्रश्नाला पाच व्यापारांची यादी उत्तर देत नाही.

मीरा-भाईंदरच्या वाचकांस हे गाळे दाखवावयास नकोत. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत शिरले की प्रेसचा दणका आणि पॉलिशच्या चाकाची घरघर कानी पडते. पत्र्यातून गोल चकत्या कापायच्या, प्रेसखाली दाबून त्यांना आकार द्यायचा, कडा वळवायच्या, मग चाकावर धरून चकाकी आणायची. प्रेसवर लक्ष क्षणभर ढळले तर बोट जाते. चाकावर बसणाऱ्याच्या नाकातोंडात दिवसभर काळी भुकटी जाते. माणसे मराठवाड्यातून आलेली, उत्तर प्रदेश-बिहारातून आलेली. माझ्या वर्गातील कित्येक मुले वडिलांचा व्यवसाय या रकान्यात 'कंपनीत' एवढेच लिहितात. कंपनीचे नाव विचारले तर मुलाला सांगता येत नाही, आणि पालकसभेला आलेल्या बापालाही पुष्कळदा सांगता येत नाही. जेथे आपण राबतो त्या जागेचे नाव ठाऊक नसणे हे अडाणीपणाचे लक्षण नव्हे. त्याच्याकडे त्या नावाचा एकही कागद नसतो, म्हणून असे होते.

आता नऊच का, ते पाहू. कारखाना कशास म्हणावे हे ठरविण्यासाठी कायदा माणसे मोजतो. १८८१ च्या कायद्यात शंभर माणसे असली तरच कारखाना. १८९१ मध्ये हा आकडा पन्नासवर आला, १९२२ मध्ये वीसवर, आणि स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागेसाठी तो दहावर आणला. ६७ वर्षे रेषा खाली खाली येत गेली आणि प्रत्येक पायरीगणिक आणखी माणसे कायद्याच्या छपराखाली आली. पुढे काही राज्यांनी तिला उलट दिशेने ढकलले. राजस्थानने २०१४ मध्ये दहाचे वीस केले. केंद्राच्या २०२० च्या संहितेनेही वीसच धरले आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कामगार राज्य विमा, म्हणजे ज्याला आपण ई.एस.आय. म्हणतो, त्याची सक्ती मात्र आज दहा माणसांपासून आहे. म्हणून विम्याच्या बाबतीत नऊ हा सोयीचा आकडा. दहावा माणूस आला की गाळ्याचे दोन गाळे होतात, एक स्वतःच्या नावावर आणि एक पत्नीच्या किंवा भावाच्या. मध्ये भिंत नसते. असते ती फक्त दोन वह्यांची.

या आकड्याला जोड मिळाली दुसऱ्या एका धोरणाची. १९६७ मध्ये केंद्र सरकारने ४७ वस्तू लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्या. १९७८ मध्ये ही यादी आठशेच्या वर गेली. स्टेनलेस स्टीलची भांडी त्या यादीत होती. हेतू चांगला होता. मोठ्या भांडवलदाराने लहानाला गिळू नये आणि थोड्या भांडवलात पुष्कळ हातांना काम मिळावे, हा तो हेतू. परंतु लहान कोणास म्हणावे, तर ज्याच्या यंत्रसामग्रीची किंमत अमुक रकमेच्या आत आहे त्यास. १९८५ मध्ये ती मर्यादा ३५ लाख रुपये होती, १९९१ मध्ये ६० लाख झाली. म्हणजे मालकाभोवती दोन कुंपणे पडली. यंत्रे वाढविलीस तर संरक्षण जाईल, असे एक कुंपण सांगे. माणसे वाढविलीस तर जबाबदारी येईल, असे दुसरे. वाढू नये याची अशी दुहेरी शिकवणी मिळाल्यावर मालक नऊवर थांबला, यात नवल ते काय?

ही यादी हळूहळू आटत गेली आणि एप्रिल २०१५ मध्ये उरलेल्या शेवटच्या वीस वस्तूही तिच्यातून काढल्या गेल्या. लोणची, पाव, मेणबत्त्या, काडेपेट्या, उदबत्त्या, काचेच्या बांगड्या, कुलुपे, आणि याच शेवटच्या वीसांत स्टेनलेस स्टीलची भांडी. संरक्षण होते तेव्हा ते मालकाच्या लहानपणाला होते. मजुराच्या लहानपणाला, म्हणजे त्याच्या असहायतेला, ते कधीच नव्हते. आणि संरक्षण गेले तेव्हा स्पर्धेचे कारण पुढे करून पहिली काटछाट मजुरीवरच आली. आल्या-गेल्या दोन्ही धोरणांत देशाचे उत्पादन मोजले गेले. भाईंदरचे ताटही त्यात मोजले गेले असणार. ताट करणारा मात्र मोजणीत नव्हता.

अर्थशास्त्राचे काही पंडित म्हणतात की दहाची रेषा हाच दोष आहे. ती वर न्या, म्हणजे गाळे मोठे होतील, रोजगार वाढेल. या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. नऊवर अडलेला मालक चांगले यंत्र घेत नाही, माणसाला कसब शिकवीत नाही, आणि अशा हजारो नऊ-नऊंच्या गाळ्यांतून देशाची प्रगती लंगडत चालते. परंतु रेषा वीसवर नेली तर जो नऊवर थांबत होता तो एकोणीसवर थांबेल, आणि आणखी दहाजण छपराबाहेर जातील. आजारपणाला आणि तुटलेल्या बोटाला रेषाच असू नये, खर्चाचा काही वाटा सरकारने उचलावा, हा तिसरा मार्ग या चर्चेत फारसा ऐकू येत नाही.

मालकाची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर विचार एकांगी होईल. गाळ्याचा मालक पुष्कळदा नावाचाच मालक असतो. पत्रा दुसऱ्याचा, डाय दुसऱ्याची, याला मिळते ती किलोमागे घडणावळ. माल नेणारा व्यापारी पैसे महिनोन्महिने अडकवितो. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. पण व्यापाऱ्यावर फिर्याद करणाऱ्याला पुढच्या खेपेस माल कोण देणार? वरचा खालच्याला दाबतो, तो त्याच्या खालच्याला, आणि सर्वांत तळाशी पॉलिशच्या चाकावरचा माणूस. ही उतरंड आपल्या परिचयाची आहे. आपणावर दाब आहे म्हणून आपण खाली दाबावे, हे समर्थन आपण तरी मान्य करू नये. कारण हजारो वर्षे याच समर्थनाने आपल्याला तळाशी ठेवले होते.

आपल्या समाजाने कारखाना पाहिला तोही उतरंडीतच. मुंबईच्या गिरण्यांत विणकर खात्यात पगार अधिक होता. पण तेथे धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात प्रवेश नव्हता. बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात अदारकर यांचा आरोग्यविम्याचा अहवाल आला, १९४४ मध्ये, आणि त्यातूनच १९४८ चा विमा कायदा उभा राहिला. १९४६ मध्ये कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आपण ज्या विमा-कार्डाकडे कटकट म्हणून पाहतो त्याच्यामागे हा इतिहास आहे.

आपल्यापैकी अनेक घरे रेल्वे, पोस्ट, महापालिका यांच्या नोकऱ्यांनी वर आली. तेथे कार्ड, फंड, निवृत्तिवेतन आपोआप मिळे, म्हणून त्याचे मोल आपल्याला कळले नाही. आता त्याच कचेऱ्यांतील पुष्कळ कामे कंत्राटदाराकडे गेली, आणि कंत्राटदार आरक्षण पाळीत नाही. उलट आपलीच मुले उद्योजक होऊ लागली आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योगांकडून केंद्राने ४ टक्के खरेदी करावी असा आदेश २०१२ पासून आहे. २०१६ मध्ये स्टँड-अप इंडिया योजनेखाली दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज देण्याची तरतूद झाली. ही आनंदाची गोष्ट आहे. म्हणूनच नऊ नावांचा प्रश्न आता दुसऱ्याच्या गाळ्याचा राहिलेला नाही. उद्या आपल्या मुलाच्या गाळ्यात मस्टर कसे लिहिले जाईल?

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. माणसाच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, घरी काही विशेष पदार्थ आला तर त्यात वाटा द्यावा, आणि वेळेवर त्याला सोडावे. यातले तिसरे म्हणजे आजची विमायोजना आणि पाचवे म्हणजे आठ तासांचा दिवस, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही. या उपदेशात माणसांचा आकडा कोठेही नाही. ज्याच्याकडे एकच गडी आहे त्यालाही तो लागू आहे. रेषा सरकारला आखावी लागते, कारण सरकारजवळ निरीक्षक थोडे असतात. गाळ्याच्या मालकाला आपल्या गाळ्यापुरता निरीक्षक लागत नाही. किती माणसे आत आहेत हे तो डोळ्यांनी पाहतो.

आता व्यवहाराचे बोलू. ज्याच्याकडे खरोखरच दहापेक्षा कमी माणसे आहेत त्यालाही, मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर, विम्यात स्वेच्छेने येण्याची वाट नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठेवली आहे. २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का आहे. पंधरा हजार रुपये वेतन धरले तर मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे, कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे. नऊ माणसांचे मालकाला महिन्याला चार हजार चारशेच्या आत पडतात. घडणावळीवर चालणाऱ्या गाळ्याला ही रक्कम लहान नाही, हे मला मान्य आहे. परंतु एका तुटलेल्या बोटाचा दवाखाना त्यापेक्षा महाग पडतो.

अडचण आणखी एक आहे, आणि ती कामगाराकडून येते. "गुरुजी, शंभर रुपये कापू नका म्हणावं, रोख द्या," असे पालकच मला सांगतात. गावी पैसे पाठवायचे असतात, आज हाती आलेले शंभर त्याला खरे वाटतात आणि कार्ड खोटे वाटते, कारण कार्डाचा उपयोग झालेला माणूस त्याने पाहिलेला नाही. विहारात रविवारी आपण मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरतो. त्याच पंगतीला बसून बापाला वेतनाची पावती कशी मागावी, विमा क्रमांक कसा पाहावा, कांदिवलीच्या ई.एस.आय. रुग्णालयात कोणती कागदपत्रे लागतात, हे सांगावयास एक तास पुरेल. आणि ज्यांचे स्वतःचे गाळे आहेत त्यांनी त्या रविवारी मस्टर बरोबर घेऊन यावे.