मंडईचे पाव्हणे आणि घरातले यंत्र



दिवाळी सरते न सरते तोच आपल्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस लागतात. बलिप्रतिपदा आणि भाऊबीज झाली, की आज या गावची मंडई तर उद्या त्या गावची, असा क्रम कित्येक दिवस चालतो. गावोगावचा दिवस निराळा, म्हणूनच सोयऱ्याला सोयऱ्याकडे जाता येते. हलके धान घरात आलेले असते. लेकीबाळी माहेरी येतात. जावई, व्याही, भाचे, नातवंडे यांनी ओसरी भरून जाते. दिवसा बाजार आणि ढालीचे पूजन, रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर वडशाकडून आलेले झाडीपट्टीचे नाटक. आणि याच पंधरवड्यात कार्तिकी एकादशी येते. पंढरीत संतांचा मेळा भरतो, त्याच वेळी आपल्या ओसरीवर आप्तांचा मेळा भरतो. हा योग काही लहान नव्हे.

परंतु त्या ओसरीवर आज काय दिसते? बारा माणसे बसलेली, बाराजणांच्या हाती बारा मोबाइल, आणि मध्ये ठेवलेला चहा थंड होत चाललेला. म्हातारी आजी विचारते, “काहून रे बापू, कवा आलास?” नातू मान वर न करताच म्हणतो, “आत्ताच.” तो येऊन दोन दिवस झालेले असतात!

यावर पुष्कळजण म्हणतात, “महाराज, यंत्रानेच सारा घात केला.” आम्हांस हे म्हणणे पुरते पटत नाही. १९८७ साली दूरदर्शनवर रामायणाची मालिका सुरू झाली, तेव्हा आळीत एखाद्याच घरी पेटी असे आणि तिच्यापुढे सारी आळी बसे. तेही यंत्रच होते. पण तेव्हा एका यंत्रापाशी चाळीस माणसे गोळा होत. आता प्रत्येक माणूस आपापले यंत्र घेऊन कोपऱ्यात जातो. तेव्हा दोष लोखंडाचा की ते धरणाऱ्या हाताचा, हे आधी पाहिले पाहिजे.

याविषयी नरहरी सोनारांची कथा सर्वांना ठाऊक आहे. ते मोठे शिवभक्त. विठ्ठलाचे दर्शन घेणार नाही असा त्यांचा निश्चय. एका सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा करावयास सांगितला. त्यांनी माप मागवून घडवला, तो सैल झाला. कमी केला, तो आखूड झाला. कारागीर तर पक्का, मग चुकते कोठे? अखेर डोळ्यांना पट्टी बांधून ते स्वतः माप घ्यावयास गेले. हाताला शंकराची चिन्हे लागली. पट्टी सोडली तो समोर विठ्ठल! पुन्हा बांधली, पुन्हा तेच. मग उमगले की हरि आणि हर एकच आहेत. माप चुकले नव्हते, बुद्धीत भेद होता. तो भेद गेला आणि करगोटा नीट बसला.

सज्जनहो, या कथेत नरहरींनी हातोडी टाकून दिली असे कोठेही नाही. गोरोबांचे चाक सुटले नाही, सावतोबांचा मळा सुटला नाही. म्हणून घरातला एखादा पोरगा स्क्रूड्रायव्हर घेऊन बिघडलेला रेडिओ उघडून बसला, तर त्याच्यावर खेकसू नये. सुट्टीत आलेल्या भाच्याला म्हणावे, “बापू, हा पंखा मंद फिरतो, पाहा बरं.” छताचा पंखा मंदावला म्हणजे पुष्कळदा त्यातला कंडेन्सर दुबळा झालेला असतो. पाती धड, मोटर धड. पण ज्याने जोर मिळायचा ती लहानशी डबीच निकामी झालेली. ती बदलली की पंखा पूर्ववत् फिरतो. मात्र आधी मेन स्विच बंद करावा, जवळ जाणते माणूस असावे, आणि बटण बंद केल्यावरही त्या डबीत वीज राहू शकते हे त्याला सांगावे. फुगलेल्या मोबाइलच्या बॅटरीला तर टोचू-उघडू नयेच.

घराचेही असेच असते. भिंती धड, धान्य भरपूर, माणसे सारी कमावती; तरी घर मंद चालते. कारण एकत्र बसून दोन घटका बोलणे, एक हरिपाठ म्हणणे, ही लहानशी गोष्ट निकामी झालेली असते. मंडईचा दिवस ती बदलण्याचा दिवस आहे.

आता खेळाविषयी. वारकऱ्याला खेळाचे वावडे नाही. वारीत रिंगण झाले की सत्तरीचा म्हाताराही फुगडी घालतो. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, टिपरी, फुगडी, हमामा यांवर अभंगच आहेत. मोक्षपट हा खेळ तर परंपरेने ज्ञानोबांच्या नावाशी जोडला जातो. सद्गुणाच्या घरावरून शिडीने चढायचे, दुर्गुणाच्या घरावरून सापाच्या तोंडी पडून घसरायचे. अशा पटाचा खेळ पुढे विलायतेत गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडे सापशिडी म्हणून खपू लागला. त्यात पडणाऱ्याचे काही जात नाही. उलट कोणत्या घरावरून पडलो, हे त्याला कळते.

पण जेथे पैसा लागला, तेथे खेळ संपला आणि द्यूत सुरू झाले. धर्मराजासारखा पुरुष, राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी पणाला लावून बसला. एकदा सारे परत मिळाले, तरी बोलावणे येताच पुन्हा पटावर गेला! हेच द्यूत आता मोबाइलमधून शिरले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. परंतु कायद्याचा हात पोहोचेपर्यंत चोरवाटा निघतात. धानाचे पैसे बँकेत जमा झालेले, रात्री सारे नाटकाला गेलेले, आणि घरातला तरुण पांघरुणात तोंड घालून गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी आणखी लावतो आहे, अशी कल्पना करा. हे कोणाच्याही घरी घडू शकते.

असे कळले तर काय करावे? त्याला भरल्या ओसरीत उभे करून सोयऱ्यांसमोर त्याचा पाणउतारा करू नये. लाजेने माणूस अधिक अंधारात जातो. बापाने किंवा मामाने त्याला बाजूला घ्यावे आणि म्हणावे, “बापू, किती गेले ते सांग. पैसे गेले ते जाऊ दे, तू जाऊ नको.” हिशेब उघडा करावा, काही काळ पैशाचा व्यवहार दुसऱ्याच्या हाती द्यावा, आणि त्याला एकटे झोपू देऊ नये. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या भावंडांना जगाने वाळीत टाकले, पण त्यांनी एकमेकांना टाकले नाही. रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानोबांची समजूत धाकट्या बहिणीनेच काढली. आप्त म्हणतात ते याला.

म्हणून यंदाच्या मंडईला एवढे करू या. सांजवात लागली की सर्वांचे मोबाइल एका टोपलीत देवापाशी ठेवावे. हरिपाठ व्हावा. मग कवड्या काढाव्या, पट मांडावा, आजीला पहिला डाव द्यावा. पोरांनी दिवसा दुरुस्त केलेला पंखा किंवा रेडिओ सर्वांना दाखवावा, आणि वडीलधाऱ्यांनी मनापासून “शाबास” म्हणावे. जेवणाच्या पंगतीला जो मुका बसला असेल, त्याच्या शेजारी आपण जाऊन बसावे. एवढे झाले तर पंढरीला न पोहोचलेल्याचीही कार्तिकी घरी साजरी होईल.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!